पाऊस पडण्याआधी ओली झालेली माती: पीएचडीत शिकायच्या बाकीच्या गोष्टी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी गाइड मॅडमना एक आलेख दाखवायला गेले. महिनाभर खपून केलेला. वर निळ्या रेघांनी पाऊस, खाली तपकिरी रेघेने मातीतला ओलावा. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "पाऊस पडायच्या आधीच माती ओली कशी झाली गं?"

पाहिलं तर खरंच. प्रत्येक सरीच्या काही तास आधी ओलाव्याची रेघ वर चढलेली. दर वेळी, आणि दर वेळी तितकेच तास आधी. हा आलेख त्याआधी मी निदान पन्नास वेळा पाहिला असेल. त्याचे रंग बदलले होते, अक्षरं मोठी केली होती, चौकट काढून परत घातली होती. माती पावसाची वाट न बघता भिजते आहे, हे मात्र डोळ्यांत आलं नव्हतं.

कारण साधं निघालं. पर्जन्यमापकाचं घड्याळ स्थानिक वेळेवर होतं आणि ओलावा नोंदवणारा डेटा लॉगर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, जी आमच्या स्थानिक वेळेच्या काही तास मागे असते. तो लॉगर बसवला होता माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने, आणि तो पदवी घेऊन केव्हाच गेला होता. त्याला मेल केला. दोन दिवसांनी एका ओळीत उत्तर आलं: "हो, तो यूटीसीवरच आहे, लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं." सगळ्यांना म्हणजे तो स्वतः आणि नोकरी बदलून गेलेला एक टेक्निशियन. लिहिलेलं कुठेच नव्हतं. माझे तीन आठवडे सगळं गणित परत करण्यात गेले.

त्या काळात माझ्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्रं किती होती, हे सांगायला हवं. वेळेचं नियोजन, नेतृत्व, प्रभावी संवाद, शोधनिबंध लेखन. कार्यशाळा दिसली की मी नाव नोंदवायचे. पीएचडीच्या जोडीला 'व्यावसायिक कौशल्यं' म्हणून जे काही लागतं ते आपण गोळा करतोय अशी माझी समजूत होती. संशोधन एका कप्प्यात, कौशल्यं दुसऱ्या कप्प्यात.

ही समजूत माझ्या एकटीची नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली सर गॅरेथ रॉबर्ट्स यांच्या अहवालाने सांगितलं, की विज्ञान-तंत्रज्ञानातल्या पीएचडी विद्यार्थ्यांना विषयापलीकडच्या कौशल्यांचं वर्षाला निदान दोन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळायला हवं. त्यानंतर तिथे या कामावर बराच पैसा खर्च झाला. पुढे व्हिटे या संस्थेने संशोधकाला काय काय यावं याचा एक आराखडा काढला: ४ मोठी क्षेत्रं, त्यांचे १२ उपविभाग आणि एकूण ६३ गुण. आज अनेक विद्यापीठांच्या प्रशिक्षणामागे हा किंवा असाच एखादा आराखडा असतो. आराखडा वाईट नाही. माझ्यासारख्या माणसाच्या हाती तो आला की वाईट. मी ६३ ओळींची एक्सेल शीट केली आणि प्रत्येकीपुढे एक ते पाच गुण देत बसले. 'चिकाटी' या ओळीपुढे मी स्वतःला चार दिले होते. कशाच्या आधारावर, ते आजही सांगता येणार नाही.

लॉगरच्या प्रकरणानंतर माझी मोजपट्टी बदलली. आता एकच प्रश्न विचारते: हे काम मी नसताना दुसऱ्या कुणाला वापरता येईल का? डेटा असो, चॅप्टर असो, भाषण असो, नाहीतर नोकरीचा अर्ज. या 'दुसऱ्या कुणात' सहा महिन्यांनंतरची मीही आले, कारण ती जवळजवळ अनोळखीच असते. पीएचडीत शिकण्यासारखं जे जे मला सापडलं ते याच प्रश्नातून सापडलं, म्हणून पुढचं सगळं त्याच धाग्याने लिहिते आहे.

डेटापासून सुरू करू. सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते आणि शिकवतं त्याबद्दल कमीत कमी कुणी.

आधी माझ्या फोल्डरचं चित्र सांगते. 'फायनल', 'फायनल_२', 'फायनल_नवीन', 'फायनल_मॅडम_सुधारित' आणि 'हेच_वापर'. या पाचांपैकी चॅप्टरमधला तक्ता कशातून आला होता? 'फायनल_२' मधून. 'हेच_वापर' मध्ये एक कॉलमच नव्हता. हसू येतं, पण व्हायवाला परीक्षकाने "हा आकडा कुठून आला?" असं विचारलं की हसू जातं.

मग मी तीन सवयी लावून घेतल्या. पहिली, उपकरणातून आलेली मूळ फाइल 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिला कधीही हात लावायचा नाही. ती केवळ वाचण्यापुरती करून ठेवायची, म्हणजे झोपेतही बिघडवता येत नाही. साफसफाई, दुरुस्ती, एककं बदलणं हे सगळं कोडमधून करायचं, म्हणजे काय केलं याची नोंद आपोआप राहते. दुसरी, तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहायची: २०२३-०७-०४. आयएसओ ८६०१ हे मानक तेच सांगतं. एरवी ०४/०७ म्हणजे चार जुलै की सात एप्रिल यावर दोन शहाणी माणसं भांडू शकतात. आणि वेळेपुढे ती कुठली वेळ आहे हेही लिहायचं, हे आता सांगायला नको. तिसरी, प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक साधी मजकुराची फाइल. माझ्या एका रीडमीची सुरुवात अशी आहे:

"हा डेटा ओलाव्याचा. कॉलम १: वेळ, यूटीसी. स्थानिक वेळ नाही! कॉलम २: सेन्सर क्रमांक. कॉलम ३: आकारमानी ओलावा, टक्के. उणे ९९९९ म्हणजे सेन्सर बंद, शून्य नव्हे. सेन्सर ४ ची केबल उंदराने कुरतडली, त्यानंतरचे दोन आठवडे वापरू नयेत."

एवढं लिहायला दहा मिनिटं लागतात. ते उद्गारचिन्ह मात्र तीन आठवड्यांच्या किमतीचं आहे.

हे सगळं अतिसावधपणाचं वाटत असेल तर थॉमस हर्नडनची गोष्ट ऐका. तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या शाखेत अर्थशास्त्राचा पीएचडी विद्यार्थी होता. वर्गातला स्वाध्याय म्हणून एका गाजलेल्या शोधनिबंधाचे आकडे परत काढून बघायचे होते. त्याने निवडला कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा निबंध. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ मंदावते, अशी त्याची मांडणी होती आणि अनेक देशांतल्या धोरणांच्या चर्चेत त्याचा दाखला दिला जात होता. हर्नडनचे आकडे काही जुळेनात. त्याने लेखकांनाच मेल करून त्यांची एक्सेल शीट मागितली, त्यांनी ती पाठवलीही. सरासरीच्या सूत्रात २० पैकी ५ देशांच्या ओळी निवडायच्याच राहिल्या होत्या. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये हे प्रसिद्ध केलं. काही वर्षांचे आकडे वगळणं आणि सरासरी काढायची पद्धत यांवरही त्यांचे आक्षेप होते. सगळं धरून त्यांचं म्हणणं असं, की जास्त कर्जाच्या गटातली सरासरी वाढ उणे ०.१ टक्का नसून २.२ टक्के होती. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही.

ही गोष्ट सांगताना लोक एक्सेलला नावं ठेवतात. मला त्यात दुसरंच दिसतं. शीट दुसऱ्याच्या हाती दिली म्हणून चूक सापडली. ती न देण्याची सोय लेखकांना होतीच.

एक्सेलला नावं ठेवायचीच असतील तर जनुकशास्त्रज्ञांकडे जा. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' अशी नावं असलेली जनुकं एक्सेलमध्ये टाकली की ती मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा होऊन बसायची. शोधनिबंधांसोबतच्या याद्यांमध्ये ही चूक इतकी पसरली, की जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० साली हात टेकले आणि नावंच बदलली. 'मार्च१' चं 'मार्चएफ१' झालं. सॉफ्टवेअर बदलत नव्हतं म्हणून माणसाचं जनुक बदललं, निदान कागदावर.

बॅकअपबद्दल थोडक्यात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉप आणि त्याच्याच बॅगेतली हार्ड डिस्क ही एकच जागा आहे. बॅग हरवते तेव्हा दोन्ही हरवतात. कोड लिहीत असाल तर गिट शिका, म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं, आणि त्याच्या शंभर आज्ञांपैकी तुम्हाला सहा-सात पुरतात. पहिल्या आठवड्यात ते अंगावर येतं, हे कबूल. शेवटी डेटा खुला करायचा असेल तर झेनोडोसारख्या भांडारात ठेवा. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने चालवलेलं आहे, पैसे पडत नाहीत आणि डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. म्हणजे डेटाचाही दाखला पेपरसारखा देता येतो.

आता गाइड.

पहिल्या वर्षी आमच्या भेटी अशा व्हायच्या: मी तासभर बोलायचे, मॅडम काहीबाही सुचवायच्या, मी मान डोलवायचे. पुढच्या भेटीत मॅडम म्हणायच्या, "तू ते दुसरं मॉडेल चालवणार होतीस ना?" आणि मला ते मॉडेल आठवायचंच नाही. कधी उलटं व्हायचं. त्यांनी चॅप्टर वाचायचं कबूल केलेलं असायचं आणि त्या विसरलेल्या असायच्या. मग मी आठ दिवस मनातल्या मनात कुढायचे. विचारायचं धाडस नव्हतं.

एका सीनियरने उपाय सांगितला. भेट संपली की अर्ध्या तासाच्या आत मेल. त्यात नमस्कार-चमत्कार नाहीत, आभारप्रदर्शन नाही. माझा एक मेल असा होता:

"मॅडम, आज ठरलेलं: १. तिसऱ्या चॅप्टरमध्ये फक्त पावसाळ्याचा डेटा, उरलेला परिशिष्टात. २. मॉडेल बदललेल्या मातीच्या प्रकारांसह मी शुक्रवारपर्यंत चालवते. ३. पद्धतींचा भाग तुम्ही १५ तारखेपर्यंत वाचाल. ४. न ठरलेलं: कॉन्फरन्सला पोस्टर पाठवायचं की नाही. माझं काही चुकलं असेल तर कळवा."

चौथा मुद्दा सगळ्यात कामाचा. जे ठरलं नाही तेही लिहायचं, नाहीतर प्रत्येकजण ते आपल्या सोयीने ठरलेलं धरतो. आणि तिसरा मुद्दा वाचून मॅडमना राग येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी उत्तर पाठवलं: "१८ पर्यंत. १५ ला मी नाही." बस. ज्या गोष्टीसाठी मी आठ-आठ दिवस कुढत होते ती एका ओळीत मिटली. चार वर्षांत असे ऐंशीच्या आसपास मेल जमले. प्रबंधाचा पद्धतींचा भाग लिहिताना एखादा निर्णय का घेतला हे विसरले, की मी तेच उघडायचे. पुढे नोकरीत याच कामाला 'मिनिट्स' म्हणतात आणि ते करणारा माणूस सगळ्यांना हवा असतो, हे नंतर कळलं.

सगळे गाइड असे नसतात, हेही माहीत आहे. काहींना लेखी काही नकोच असतं. तिथेही मेल पाठवा, उत्तराची अपेक्षा न ठेवता. ती तुमची वही आहे असं समजा.

लिहिण्याबद्दल सल्ल्यांचा सुकाळ आहे, म्हणून दोनच गोष्टी. कुणाला कच्चा मसुदा वाचायला देताना "कसा वाटतो ते सांग" असं म्हणू नका. उत्तर येतं, "छान आहे." त्याऐवजी नेमकं विचारा: "तिसऱ्या पानावर मी पद्धत का बदलली ते कळतं का?" किंवा "कुठे कंटाळून पान उलटलंस तिथे खूण कर." दुसऱ्या प्रश्नाने मला माझ्या लिखाणाबद्दल जेवढं शिकवलं तेवढं एकाही कार्यशाळेने नाही. माझ्या मैत्रिणीने प्रस्तावनेच्या दुसऱ्याच परिच्छेदावर खूण केली होती.

दुसरी गोष्ट रिव्ह्यूची, म्हणजे पेपर छापण्याआधी त्या विषयातले लोक तो तपासून शेरे देतात त्याची. माझा पहिला पेपर परत आला तेव्हा दुसऱ्या रिव्ह्यूअरने दीड पान झाडलं होतं. (दुसरा रिव्ह्यूअर जगभर असाच का असतो, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी.) त्याने लिहिलं होतं, की मी सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचं माप बरोबर येतं का याची पडताळणी, केलेलीच नाही. मी केलं होतं! पेपरमध्ये लिहिलंही होतं! मी रात्री बसून एक जळजळीत उत्तर लिहिलं. नशिबाने पाठवलं नाही. सकाळी मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, "कॅलिब्रेशन कुठे लिहिलंयस?" सहाव्या पानावर, आकृतीच्या खालच्या ओळीत, बारीक टाइपात. "मग त्याला दिसलं नाही यात नवल काय? तो वाचक आहे, गुप्तहेर नाही."

तेव्हापासूनची पद्धत अशी. पत्र आलं की एकदा वाचायचं आणि दोन दिवस बंद करून ठेवायचं. मग प्रत्येक शेरा जसाच्या तसा नव्या फाइलमध्ये उतरवायचा, त्याखाली आपलं उत्तर, त्याखाली बदललेला मजकूर ओळींच्या क्रमांकासह. एकही शेरा वगळायचा नाही, मूर्खपणाचा वाटला तरी. रिव्ह्यूअरचा गैरसमज झाला असेल तर "आमचं लिखाण इथे अस्पष्ट होतं" असं म्हणून ते दुरुस्त करायचं. जिथे तो खरोखर चुकला असेल तिथे संदर्भ देऊन, आवाज न चढवता, नाही म्हणायचं. माझ्या त्या पेपरला आलेल्या २३ शेऱ्यांपैकी दोनच ठिकाणी मी नाही म्हटलं. दोन्ही मान्य झाली.

लेखकांच्या यादीचा विषय लोक टाळतात. मीही टाळला, आणि त्याची किंमत दिली. दुसऱ्या एका गटातल्या विद्यार्थ्यासाठी मी दोन महिने सांख्यिकी विश्लेषण करून दिलं होतं. पेपर आला तेव्हा माझं नाव शेवटी आभारांत होतं, तेही चुकीच्या स्पेलिंगने. भांडायला आधार काहीच नव्हता, कारण सुरुवातीला कुणी काही बोललंच नव्हतं. त्याला वाटलं मी मदत करतेय, मला वाटलं मी सहलेखक आहे.

आता काम हातात घेण्याआधी विचारते, आणि विचारायला दोन आधार वापरते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत: कामाच्या आखणीत, डेटा मिळवण्यात किंवा त्याच्या विश्लेषणात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा कसून तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हव्यात. इतर शाखांतही चर्चा सुरू करायला हे पुरतं. दुसरा आधार 'क्रेडिट' नावाची वर्गवारी. तिच्यात १४ भूमिका आहेत: कल्पना, डेटा सांभाळणं, विश्लेषण, सॉफ्टवेअर, निधी मिळवणं, पहिला मसुदा वगैरे. मी कोरा तक्ता पाठवते: "आपण सहाजण यातलं काय काय करणार आहोत? आत्ता भरू, सबमिट करण्याआधी परत बघू." पैशाबद्दल बोलण्यासारखं अवघड वाटतं. पण तक्ता समोर असला की तक्त्याबद्दल बोलता येतं, माणसांबद्दल बोलावं लागत नाही. जाता जाता, ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढला नसेल तर आज काढा. १६ आकडी असतो, फुकट आहे, आणि लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या किंवा न बदलणाऱ्या सगळ्यांचे पेपर एका जागी राहतात.

भाषणाचं सांगायचं तर 'थ्री मिनिट थिसिस' या, आपलं संशोधन तीन मिनिटांत सांगायच्या स्पर्धेत मी भाग घेतला आणि हरले. ही स्पर्धा २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झाली. तिथे तेव्हा दुष्काळ होता, अंघोळ आटोपती घ्यावी म्हणून लोकांनी न्हाणीघरात तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावलेलं असायचं, आणि कल्पना त्यावरून सुचली. ओलाव्यावर संशोधन करणाऱ्या मला हा इतिहास विशेष आवडतो. नियम कडक आहेत: एकच स्थिर स्लाइड, हातात काही घ्यायचं नाही, आणि तीन मिनिटांवर एक सेकंद गेला की बाद. मी ३ मिनिटं ४ सेकंद बोलले.

पण तयारीत जे झालं ते महत्त्वाचं. मी मावसबहिणीला फोनवर भाषण म्हणून दाखवलं. ती हिशेबाचं काम करते, मातीशी तिचा संबंध कुंड्यांपुरता. माझं संपलं तसं ती म्हणाली, "बरं. मग?" मी परत समजावलं. "हो, ते कळलं. पण मग?" तिला हे हवं होतं, की मातीत किती पाणी आहे हे मला कळल्यावर कोण काय वेगळं करणार आहे. दोन वर्षं काम करून मला ते एका वाक्यात सांगता येत नव्हतं. पाच-सहा फोननंतर जमलं: "पुढचा पाऊस जमिनीत मुरणार की वाहून पूर आणणार, हे आधीच्या ओलाव्यावरून सांगता येतं." हे वाक्य नंतर माझ्या प्रबंधाच्या सारांशात पहिलं झालं, निधीच्या अर्जात पहिलं झालं आणि मुलाखतीतही. तुमच्याकडेही अशी 'मग?' विचारणारी बहीण असेल. सहकारी विचारत नाहीत, कारण त्यांनाही उत्तर माहीत नसतं.

कार्यशाळांबद्दल माझं मत आता एवढंच: ज्या आठवड्यात गरज असेल त्याच आठवड्यात जा. गिटची कार्यशाळा कोड नसताना केली तर महिन्यात विसरते. मी केलेल्या अकरांपैकी तीन उपयोगी पडल्या, त्यातली एक प्रथमोपचाराची. फील्डवर काम करणाऱ्यांनी ती कराच. शिकवायची संधी मिळाली तर घ्या, पण एका सत्रात एकच विषय. शिकवणं प्रबंध खातं आणि वर तोंड पुसतं.

विद्यापीठाबाहेरच्या नोकरीचा विचार मी शेवटच्या वर्षी केला. खूप उशिरा. तुम्ही तिसऱ्या वर्षाच्या आत एक करा: आपल्याला आवडतील अशा दहा जाहिराती उतरवून ठेवा आणि त्यांत परत परत येणाऱ्या शब्दांखाली रेघ मारा. माझ्या दहांपैकी आठ जाहिरातींत 'दस्तऐवजीकरण' हा शब्द होता. 'अवकाश-कालिक परिवर्तनशीलता' एकीतही नव्हता, आणि माझा सीव्ही नेमका त्याने सुरू होत होता: "मातीतील ओलाव्याच्या अवकाश-कालिक परिवर्तनशीलतेचा सखोल अभ्यास." तो बदलून असं लिहिलं: "१२ ठिकाणी सेन्सरचं जाळं उभारलं आणि ४ वर्षं चालवलं; डेटा साफ करण्याचं हाताने होणारं २ दिवसांचं काम कोड लिहून २० मिनिटांवर आणलं; दोन नव्या विद्यार्थ्यांना हे काम शिकवलं." तीच चार वर्षं, तीच बाई. पहिलं वाक्य माझ्या परीक्षकांसाठी होतं, दुसरं मला कधीही न भेटलेल्या माणसासाठी.

आणि माणसांना विचारा. ज्या नोकरीत जायचंय तिथल्या कुणाला तरी वीस मिनिटं मागा. नोकरी मागू नका, "कालचा तुमचा दिवस कसा गेला ते सांगाल?" एवढंच विचारा. मी सहा जणांना लिहिलं, चौघं बोलली. एकीने सांगितलेला दिवस ऐकून मी ती वाट सोडली, हाही फायदाच.

मुलाखतीत मला पेपरबद्दल एक प्रश्न आला. नंतर समोरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही आता तिथून निघालात. उद्या ते सेन्सर बंद पडले तर?" मी लॅपटॉप उघडून हस्तांतराची फाइल दाखवली: केबलींचे क्रमांक, बॅटरी बदलायच्या तारखा, बिघाड झाला की आधी काय तपासायचं, आणि वर ठळक अक्षरांत घड्याळ यूटीसीवर असल्याचं. त्यांनी ती चार-पाच मिनिटं वाचली. पेपर कुणी इतका वेळ वाचला नव्हता.

नोकरी लागून सात महिने झाल्यावर माझ्या जागी आलेल्या मुलीचा मेल आला. "ताई, तुमच्या रीडमीत सेन्सर ७ ची खोली ३० सेंटीमीटर लिहिली आहे. मी काल खणून पाहिलं, तो २० वर आहे. तुमच्या दुसऱ्या पेपरमध्ये कोणती खोली धरली होती?"

पोटात गोळा आला. जुना कोड उघडला, 'मूळ' फोल्डर उघडलं, बसवण्याच्या दिवशीच्या वहीचा फोटो शोधला. वहीत २० होतं, गणितातही २०. चूक फक्त रीडमीत उतरवताना झाली होती. तिला तसं कळवलं, आणि ती ओळ दुरुस्त करून पुढे तारीख आणि तिचं नाव घाल, असंही लिहिलं. तिने लगेच उलटा प्रश्न पाठवला: तारीख यूटीसीप्रमाणे घालू की इथल्या?